खोली रिकामी करणारे डॉक्टर

डॉ. इनामदार वॉर्डात शिरले की आधी माणसं बाहेर पडायला लागायची. सासू, नणंद, दीर, तांब्या घेऊन बसलेली शेजारीण, कोपऱ्यात टेकलेला हवालदार, सगळे. डॉक्टर ओरडत नसत. एका हाताने दार उघडं धरून उभे राहत आणि म्हणत, "चला, जरा हवा येऊ द्या." हवेचा तिथे काही संबंध नव्हता. आमचा जळीत वॉर्ड बंदिस्त होता, खिडक्या कायमच्या लावलेल्या. पण त्या वाक्यावर कुणाला वाद घालता येत नसे.

संभाजीनगरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातल्या त्या वॉर्डाची मी बरीच वर्षं इन्चार्ज सिस्टर होते. आता तिथंच गारखेड्यात एका खासगी रुग्णालयात नव्या नर्सेसना कायदा आणि नीती शिकवते. संमती कुणाची घ्यायची, पेशंटचं गुपित कुठवर सांभाळायचं, मृत्यूपूर्व जबाब कसा घ्यायचा. मुद्दे क्रमाने लिहून आणते, क्रम चुकला की मला चैन पडत नाही. इनामदार सर त्यावरून मला चिडवत. "सिस्टर, यादी छान आहे तुमची. पण यादी कधी आजारी पडत नाही, हे लक्षात ठेवा." त्यांनी स्वतः शिकवताना कधी कागद आणला नाही. तरी दर वर्षी वर्गात मी बोलते त्यातलं निम्मं त्यांचंच असतं.

राहायला ते खुलताबादला. स्कूटरवरून घाट उतरून यायचे, हिवाळ्यात पुढच्या पिशवीत सीताफळं. बुटके, रुंद बांध्याचे, कोटाची बटणं कधीच न लावणारे. कोटाच्या खिशात स्टीलचा एक चमचा असे. भाजलेल्या माणसाला तहान फार लागते, आणि नातेवाइकांना बाहेर काढल्यावर पाणी पाजणारं कुणी उरत नाही. मग सर स्टूल ओढून बसायचे आणि स्वतः चमच्याचमच्याने पाणी द्यायचे. मी जंतुसंसर्गाचा नियम दाखवून तो चमचा जप्त करायचे आणि उकळून परत द्यायचे. "बाई, तुम्ही कस्टममध्ये पाहिजे होत्या," ते म्हणत.

माणसं बाहेर का काढायची, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. आमच्या वॉर्डात पेशंटजवळ रात्रंदिवस एका बाईला राहायची परवानगी होती. जळून आलेली बहुधा कुणाची तरी सून, तिचं माहेर लांब, म्हणून सोबतची बाई बहुतेक वेळा सासरचीच असे. तीच भरवणार, तीच पुसणार, तीच कूस बदलायला हात लावणार. आणि जबाब घ्यायला नायब तहसीलदार आले की तीच उशाशी उभी. सर म्हणत, "जिच्या हातून पाणी प्यायचं, तिच्यासमोर तिच्याविरुद्ध कोण बोलेल?"

एकदा एक हवालदार अडून बसला. "सर, मी सरकारी माणूस आहे."

"म्हणून तर. तुमची टोपी बघून ती खरं बोलेल, का टोपीला आवडेल ते बोलेल?"

"मग टोपी काढतो."

"टोपी राहू द्या, तुम्ही निघा."

एका ट्रस्टींच्या ओळखीची बाई दाखल होती, तेव्हा खुद्द ट्रस्टी खोलीत उभे होते. "मी ट्रस्टी आहे इथला," ते म्हणाले. सरांनी दार धरूनच ठेवलं. "पेशंट तर नाही ना? मग या बाहेर." त्या वर्षी सरांची बढती राहिली. कशामुळे, ते कुणी बोललं नाही.

जबाब घेण्याआधी डॉक्टरने लिहून द्यावं लागतं की पेशंट पूर्ण शुद्धीवर आहे आणि बोलण्याच्या स्थितीत आहे. बाकीचे डॉक्टर नाव विचारत, वार विचारत. सर विचारत, "आज काय केलं होतं जेवायला?" एक बाई म्हणाली होती, "मेथी. पण मीठ टाकायचं ऱ्हायलं." सरांनी लगेच सही केली. "मीठ राहिलं हे आठवतंय म्हणजे बाई माझ्यापेक्षा शुद्धीत आहे," असं आम्ही बाहेर आल्यावर मला म्हणाले. ती बाई वाचली नाही. आमच्या वॉर्डातल्या गोष्टींचा शेवट बहुधा असाच.

शनिवारी ते आम्हा सगळ्यांचा वर्ग घेत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "सही नातेवाइकाची असली तरी शरीर पेशंटचं आहे." ऐकायला हे सोपं वाटतं. ते किती महाग पडतं, हे मी सोनवणे मामांच्या वेळी पाहिलं.

सोनवणे मामा गंगापूरचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. साखरेने पाय सडला होता. सर्जननी गुडघ्याखाली काढायचं ठरवलं, दोन्ही मुलांनी सही केली. आपल्याकडे असंच चालतं. मोठी माणसं, त्यांना कशाला घाबरवायचं, पोरं आहेत ना शहाणी. शस्त्रक्रियेचे कागद तपासायचं काम सरांकडे होतं. ते तपासून थांबले नाहीत, खाली मामांच्या वॉर्डात गेले.

"मामा, उद्या पाय काढणार आहेत. माहीत आहे ना?"

"पोरं तर म्हनली, डरेसिंग हाये."

सरांनी सगळं सांगितलं. नाही काढला तर विष अंगात चढेल आणि जीव जाईल, हेही. मामांनी ऐकून घेतलं. "मंग ब्रेक कशानं मारू?"

"आता गाडी कुठं चालवता मामा?"

"सपनात चालवतो की. रोज."

त्यांनी नाही म्हटलं. सर संध्याकाळी परत गेले, सकाळी सर्जनना घेऊन गेले, मग मुलांना घेऊन. मामा नाहीच म्हणत राहिले. आपल्याला सगळं समजलंय आणि पाय काढायचा नाही, असं लिहून देऊन ते घरी गेले, आणि थोड्याच दिवसांत वारले. थोरला मुलगा दवाखान्यात आला. माणूस वाईट नव्हता, रडून डोळे सुजलेले होते. "तुम्ही इचारलं नसतं तर बाप जगला असता माझा."

"हौ," सर म्हणाले. "जगले असते."

मुलगा उत्तराची वाट बघत उभा राहिला. नंतर मी रागावले, की निदान कायदा तरी समजावून सांगायचा. ते म्हणाले, "तो कायदा विचारायला आला नव्हता. तो म्हणाला ते खरं होतं."

असा माणूस. नियम पाळायचा, नियमाची किंमत दुसऱ्यावर ढकलायची नाही. मला वाटायचं, याच्या हातून चूक होणारच नाही. मग मनीषा आली.

गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आणली होती. पंचविशीची असेल. सोबत नणंद. "गॅसवर चहा करत व्हती, पदर पेटला," नणंदेने विचारायच्या आधीच सांगितलं. मग माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमी तर आमच्या शेजारच्या गावच्या. तुमच्या भावाला वळखतो ना आम्ही." माझं माहेर खरंच तिथलं. मी सलाईन लावत होते. मनीषा डोळे उघडे ठेवून आमचं बोलणं ऐकत होती.

सरांनी तेही पाहिलं. दार धरून उभे राहिले, नणंद बाहेर गेली, आया बाहेर गेली. मग म्हणाले, "सिस्टर, तुम्हीसुद्धा." एरवी ते मला थांबू देत. त्या दिवशी माझ्या माहेरामुळे मीही सासरचीच झाले होते. मला ते पटलं. आजही पटतं.

बराच वेळ ते आत एकटे होते. बाहेर आले, बेसिनवर चमचा धुतला, पुन्हा धुतला आणि निघून गेले. दुपारी नायब तहसीलदार आले. जबाबाच्या वेळी मी खोलीत होते. मनीषा हळू पण स्पष्ट बोलली. चहा करत होते. पदर पेटला. कुणावर संशय नाही. सरांनी ती पूर्ण शुद्धीवर असल्याची सही केली. हात बांधलेले होते, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "ईश्वरी कुठंय?" ईश्वरी म्हणजे तिची मुलगी, तेव्हा अंगणवाडीत जाणारी. नणंद दारातून म्हणाली, "हाये की घरी, बापापशी." मनीषाने डोळे मिटले. चौथ्या दिवशी ती गेली.

तिची आई कडूबाई खुलताबादच्या पलीकडच्या एका वाडीवरची. तिला कळवलंच उशिरा. ती आली तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली, ना रडली ना ओरडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगत होती, "माझी पोर घरात गाऊन घालायची. पदर कुठून आला?"

तिने फिर्याद दिली, जावयाला अटक झाली, जामीन झाला, खटला उभा राहिला. ईश्वरी बापाच्याच घरी. कडूबाई तिला बघायला गेली तर दारातूनच हाकलली.

खटल्याच्या दिवशी आम्हा दोघांना बोलावणं होतं, मला केसपेपर दाखवायला आणि सरांना त्यांच्या सहीबद्दल सांगायला. कोर्टाच्या व्हरांड्यात कडूबाई समोर येऊन उभी राहिली.

"डाक्टर, तुमी एकलेच व्हते तिच्यापशी. काय म्हनली ती?"

सर कोर्टाच्या दाराकडे बघायला लागले.

"मला नका सांगू. आत सांगा. पोरगी त्या घरात हाये माझी. एक गेली, आता दुसरी तिथंच वाढायली."

सरांचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी नेहमीचे प्रश्न विचारले. पेशंट शुद्धीत होती का? होती. जबाब तिने स्वतः दिला का? स्वतः दिला. वकील बसायला वळले, तेव्हा सर म्हणाले, "साहेब, मला अजून सांगायचं आहे."

आणि त्यांनी सांगितलं. खोली रिकामी झाल्यावर मनीषा म्हणाली होती की नवऱ्याने मोटरसायकलमधून पेट्रोल काढलं, मुलगी तिथंच उभी होती. सर लिहायला लागले तर तिने थांबवलं. "लिहू नका. पोरीला त्याच घरात वाढायचंय. बाप आत गेला तर तिला ठेवील कोण? माझी आई थकलीय." सरांनी तिला समजावून पाहिलं. ती म्हणाली, "मरताना तरी माझं ऐका." त्यांनी ऐकलं.

आरोपीचे वकील उठले. वयाने लहान होते, पण कामात पक्के.

"हे तुम्ही कुठे लिहून ठेवलं?"

"नाही."

"खोलीत दुसरं कोण होतं?"

"कुणी नाही."

"का नव्हतं?"

"मी सगळ्यांना बाहेर काढलं होतं."

"नर्सलासुद्धा?"

"हो."

"आणि त्याच दुपारी तुम्ही जबाबावर सही केलीत."

"ती शुद्धीत आहे म्हणून केली. जबाब खरा आहे असं लिहिलं नव्हतं."

"पण खोटा आहे हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही गप्प बसलात. तेव्हा खोटं चाललं, मग आज तुमचं खरं का मानायचं?"

बाकावर मागे जावई बसला होता, मोबाईल मांडीवर पालथा ठेवून. त्याने मान वर केली नाही.

तो सुटला. नंतर दुसऱ्या खटल्यांतही वकील सरांच्या सह्यांवर बोट ठेवायला लागले. हेच ना ते डॉक्टर, ज्यांना खोटं माहीत असून सही करता येते? ट्रस्टने त्यांना जबाबाच्या कामातून काढलं. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, ते त्यांनी बाह्यरुग्ण विभागात सर्दी-खोकला तपासत काढले. निरोपसमारंभाला आले नाहीत.

मी तोंडावर विचारणारी बाई आहे. एकदा खुलताबादला त्यांच्या घरी गेले आणि विचारलं, "सर, चूक नेमकी कुठं झाली? लिहिलं नाही तिथं, का बोललात तिथं?"

सरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाले, "सोनवणे मामांचा पाय मामांचा होता. मनीषाचा जबाब एकट्या मनीषाचा नव्हता. त्यात एक लहान पोर होतं. हे मला त्या खोलीत सुचायला पाहिजे होतं." मी निघताना म्हणाले, "आणि तुमच्या यादीत टाका. सगळे बाहेर, पण एक नर्स आत. ओळखीची निघाली तर दुसरी आणा, पण आत ठेवा. जे ऐकलं ते तिथंच लिहायचं." तो मुद्दा मी वर्गात सगळ्यात वर घेते. कुणामुळे आला, ते मुलींना सांगत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम काढलं. गंगापूर तालुक्यातल्या एका शाळेत महिन्यातून एका शनिवारी मुलांची तपासणी, फुकट. ईश्वरी त्या शाळेत होती. आणि वजनकाटा उचलून त्यांच्यासोबत कडूबाई जायची.

"सर, हे नियमात बसतं का?" मी विचारलं.

"मुख्याध्यापकांना सगळं सांगितलंय. पोरीला सांगितलं नाही. म्हणजे अर्धं बसतं."

उंची मोजायला मी काही वेळा सोबत गेले. सर डोळे, दात, छाती बघत. कडूबाईने स्वतःकडे मुलींचे केस तपासायचं काम घेतलं होतं. फरशीवर पाय पसरून बसायची, एकेक मुलगी पुढ्यात घ्यायची, उवा बघायची, तेल लावून दोन वेण्या घालायची. अख्ख्या शाळेच्या मुली, एकीसाठी. ईश्वरीची पाळी आली की तिचे हात मंदावत. ईश्वरी बोलकी होती. तिला घरी सांगितलं होतं की आईकडचं आता कुणी नाही, आणि आजीचा चेहरा तिला आठवत नव्हता. ती कडूबाईला उवावाली आजी म्हणायची.

"उवावाली आजी, लवकर कर ना. खेळ संपंल."

"व्हय गं बाय, झालंच."

सरांशी कडूबाई कामापुरतंच बोलायची. "वजन लिवा." "पुढची धाडा." एकदा मला म्हणाली, "तवाच लिवलं असतं यांनी, तर आज पोरगी माझ्या घरी असती." मी म्हटलं, मग यांच्याबरोबर येता कशाला? तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच अडाणी ठरले. "मंग दुसरं कोन नेतंय मला?"

शेवटचं मी दोघांना पाहिलं ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी. वर्गात ईश्वरी नव्हती. वर्गाच्या बाईंनी सरांना बाजूला घेतलं. ईश्वरी घरी म्हणाली होती की शाळेत येणारी आजी सगळ्यांच्या वेण्या घालते, पण माझी वेणी घालताना रडते. बाप दुसऱ्या दिवशी येऊन दाखला काढून घेऊन गेला. वैजापूरच्या बाजूला आत्याकडे ठेवलीय म्हणतात. गाव कुणाला माहीत नाही.

सर कडूबाईकडे गेले आणि तिला जसंच्या तसं सांगितलं, काही न लपवता. ती फरशीवरच बसलेली होती. पुढ्यातल्या मुलीची वेणी अर्धी झालेली. ती पूर्ण केली. मागे रांग होती, ती पण पूर्ण केली.

गंगापूरच्या स्टँडबाहेर मी त्यांना काय काय करता येईल ते सांगत होते. नातीला भेटायचा हक्क मागता येतो. अर्ज करा, मी वकील बघते, फोन करते. सर म्हणाले, "अर्ज करूच. पण त्यात माझं नाव नको. कोर्टात माझं नाव चालत नाही आता."

कडूबाई आमचं ऐकत नव्हती. पलीकडे वैजापूरच्या जीप लागल्या होत्या, तिकडे बघत होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "तिकडं शाळा किती असतील?"

"लई आहेत."

"समद्यांत पोरी असतीलच ना."

"असतील."

तिने वजनकाटा उचलून काखेत मारला आणि चालायला लागली. सर तिच्या मागे गेले. माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुमची गाडी लागली बघा, जागा धरा." मी धरली. संभाजीनगरची एसटी सुटायला वेळ होता. माणसं भरल्याशिवाय जीप निघत नाही. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा दोघं वैजापूरच्या जीपमध्ये मागच्या बाकांवर समोरासमोर बसली होती, मध्ये गुडघ्यांवर तो काटा, आणि आणखी कुणी चढतंय का याची वाट बघत होती.